अमेरिकी पेटंट नेमकं कोणत्या दिवशी संपतं, ते काढायची रीत

पेटंट किती वर्षांचं, असं विचारलं की सगळे वीस म्हणतात. उत्तर चुकीचं नाही, पण त्याने माझं काम भागत नाही. जेनेरिक औषधं बनवणाऱ्यांना अमेरिकेच्या बाजारात कधी उतरता येईल, हे काढून देणं हा माझा रोजचा उद्योग. तिथे "किती वर्षं" असं कुणी विचारत नाही, "कुठल्या दिवशी" असं विचारतात. तो दिवस आठवडाभर अलीकडे धरला तर कंपनीवर उल्लंघनाचा दावा येतो. वर्षभर पलीकडे धरला तर लोक वर्षभर महागडी गोळी घेत राहतात, आणि ज्यांना परवडत नाही ते घेतच नाहीत. म्हणून या तारखेबाबत मी हट्टी आहे, आणि ती हाताने कशी काढायची ते इथे लिहिते आहे. हे सगळं अमेरिकी कायद्याबद्दल आहे. बाकीच्या देशांचं शेवटाकडे थोडक्यात येईल.

आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एकट्या पेटंटची तारीख निघत नाही. त्याच्या आधीचे अर्ज, त्याच्यासोबतची पेटंटं, त्याने कुणाच्या तारखेशी स्वतःला बांधून घेतलंय, हे सगळं वाचावं लागतं. आणि या गणिताला क्रम आहे. आधी मूळ मुदत काढायची. तिच्यात पेटंट ऑफिसच्या दिरंगाईचे दिवस मिळवायचे. मग टर्मिनल डिस्क्लेमर, म्हणजे अमुक तारखेपलीकडचा हक्क सोडल्याचं लेखी, असेल तर तिथे कात्री लावायची. उरलेल्या तारखेवर औषधासाठीचं एक्स्टेन्शन चढवायचं. क्रम चुकला की तारीख चुकते, आणि चूक दिवसांची नसते, कधीकधी वर्षांची असते.

पहिलं पान

पेटंटची पीडीएफ उघडली की पहिल्या पानावर कंसात आकडे दिसतात. हे आकडे जगभर सारखेच वापरले जातात, त्यामुळे एकदा लक्षात ठेवले की कायमचे उपयोगी पडतात. २२ म्हणजे अर्जाची तारीख. ४५ म्हणजे पेटंट मंजूर झाल्याची तारीख. ३० म्हणजे परदेशी अर्जाचा अग्रहक्क, म्हणजे शोध आधी कुणाचा हे ठरवताना त्या जुन्या अर्जाची तारीख मिळण्याचा हक्क. ६०च्या घरातले आकडे म्हणजे नातेवाईक: ६० हा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज, ६२ म्हणजे हे पेटंट कुठल्या तरी अर्जाचं डिव्हिजनल (त्यातून वेगळा काढलेला अर्ज) आहे, ६३ म्हणजे कंटिन्युएशन (त्याच मजकुरावरचा पुढचा अर्ज) किंवा कंटिन्युएशन-इन-पार्ट. ८६ म्हणजे पीसीटीतून, म्हणजे अनेक देशांसाठी एकच अर्ज करू देणाऱ्या करारातून, आलेला आंतरराष्ट्रीय अर्ज.

शिवाय एक तारांकित सूचना असते. तिच्यात लिहिलेलं असतं की कलम १५४(बी)खाली या पेटंटची मुदत इतक्या दिवसांनी वाढवली आहे, आणि डिस्क्लेमर असला तर बहुधा त्याचाही उल्लेख असतो. ही सूचना वाचाच, पण तिच्यावर थांबू नका. मंजुरीनंतर दिवसांचा आकडा बदलू शकतो आणि डिस्क्लेमर मंजुरीनंतरही दाखल करता येतं. पहिलं पान छापलं गेलं त्या दिवशी काय खरं होतं, एवढंच ते सांगतं.

मूळ मुदत

८ जून १९९५ रोजी किंवा त्यानंतर दाखल झालेल्या अर्जांसाठी नियम असा: पेटंट मंजुरीच्या दिवसापासून लागू होतं आणि साखळीतल्या सर्वांत जुन्या नियमित अमेरिकी अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांनी संपतं. इथे "नियमित" हा शब्द महत्त्वाचा. प्रोव्हिजनल अर्ज मोजायचा नाही. परदेशी अग्रहक्काचा अर्जही मोजायचा नाही. दोन्ही अग्रहक्काची तारीख देतात, पण वीस वर्षांचं घड्याळ सुरू करत नाहीत. पीसीटी अर्ज मात्र मोजायचा, आणि तोही त्याच्या आंतरराष्ट्रीय दाखल तारखेपासून. पहिल्या पानावर "कलम ३७१ची तारीख" म्हणून जी दिसते, ती अमेरिकेत राष्ट्रीय टप्पा (पीसीटी अर्ज त्या देशात पुढे नेणं) पूर्ण झाल्याची असते; वीस वर्षांच्या घड्याळाशी तिचा संबंध नाही. नवीन माणूस हमखास तीच उचलतो, कारण ती पानावर ठळक बसलेली असते.

कंटिन्युएशन आणि डिव्हिजनल अर्ज कितीही उशिरा दाखल होवोत, त्यांचं घड्याळ पहिल्या पॅरेंटच्या, म्हणजे मूळ अर्जाच्या, तारखेलाच सुरू झालेलं असतं. पॅरेंट २००५चा, त्याचं कंटिन्युएशन २०११चं, त्याचं पुन्हा कंटिन्युएशन २०१८चं, तरी तिघांची मूळ मुदत २०२५लाच संपते. कंटिन्युएशन-इन-पार्टमध्ये नवा मजकूर घातलेला असतो, आणि लोकांना वाटतं की निदान नव्या मजकुरावरच्या क्लेमना (नेमका कशावर हक्क मागितला ते सांगणाऱ्या कलमांना) तरी नवी वीस वर्षं मिळतील. मिळत नाहीत. पेटंटाने जुन्या अर्जाचा संदर्भ घेतला की सगळ्या क्लेमची मुदत त्या जुन्या तारखेपासून धरली जाते, क्लेमला त्या तारखेचा प्रत्यक्षात हक्क असो वा नसो. ज्या कंपनीला हे टाळायचं असतं ती मंजुरीआधीच तो संदर्भ सोडून देते; मग पूर्वीचा मजकूर तिच्याच विरोधात उभा राहू शकतो, हा त्यातला सौदा.

१९९५च्या आधीचे अर्ज आता क्वचितच लागतात, पण जुन्या औषधांच्या इतिहासात येतात. ८ जून १९९५च्या आधी दाखल झालेल्या अर्जांवरची पेटंटं, आणि त्या दिवशी चालू असलेली पेटंटं, यांना मंजुरीपासून १७ वर्षं किंवा दाखल तारखेपासून २० वर्षं, यांतलं जे लांब ते मिळतं. डिझाइन पेटंट हा वेगळाच प्रकार: १३ मे २०१५ रोजी किंवा नंतर दाखल झालेल्यांना मंजुरीपासून १५ वर्षं, त्याआधीच्यांना १४. त्यांच्यासाठी पुढचं बरंचसं लागूच होत नाही, म्हणून डिझाइन इथेच सोडते.

दिवस मोजताना वीस गुणिले तीनशे पासष्ट असं कधीही करू नका. वीस वर्षांत साधारण पाच लीप दिवस असतात, तेवढ्याने तारीख मागे येते. वर्षं मोजायची ती कॅलेंडरवर, त्याच तारखेला. दिवस मोजायचे ते नंतर, स्प्रेडशीटमध्ये तारखेत सरळ आकडा मिळवून.

दिरंगाईचे दिवस

अर्ज एक्झामिनरच्या, म्हणजे पेटंट ऑफिसातल्या तपासनिसाच्या, टेबलावर पडून राहिला तर त्या काळात वीस वर्षांतलीच वर्षं खर्ची पडत असतात. म्हणून २९ मे २०००पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी पेटंट टर्म अ‍ॅडजस्टमेंट आहे. आम्ही पीटीए म्हणतो. दिरंगाईचे तीन प्रकार. ए: पहिली ऑफिस अ‍ॅक्शन (एक्झामिनरचं लेखी मत) १४ महिन्यांत आली नाही, किंवा उत्तर दिल्यावर चार महिन्यांत पुढची हालचाल झाली नाही, किंवा इश्यू फी भरल्यावर चार महिन्यांत पेटंट निघालं नाही. बी: अमेरिकेतल्या प्रत्यक्ष दाखल तारखेपासून तीन वर्षांत पेटंट मिळालं नाही. सी: इंटरफेरन्स (शोध आधी कुणी लावला यावरचा वाद, जुन्या अर्जांपुरता), गोपनीयतेचा आदेश किंवा अर्जदाराने जिंकलेलं अपील.

तिघांची सरळ बेरीज करायची नाही. एकाच कॅलेंडर दिवशी दोन प्रकारची दिरंगाई झाली तर तो दिवस एकदाच धरायचा. पण वेगवेगळ्या काळातली ए आणि बी दोन्ही मिळतात. ऑफिस हे चुकीचं मोजत होतं, ते २०१०मध्ये वायेथ विरुद्ध कॅपोस या खटल्यात फेडरल सर्किटने, म्हणजे पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या कोर्टाने, दुरुस्त केलं. अर्जदाराने आरसीई म्हणजे पुढील तपासणीची विनंती केली तर त्यानंतरचा काळ बीमधून वजा होतो. आणि अर्जदाराने स्वतः उत्तर द्यायला तीन महिन्यांपेक्षा जास्त वेळ घेतला, तर तेही दिवस वजा. म्हणजे वकिलाने मुदतवाढीची फी भरून उत्तर उशिरा दिलं की त्याची किंमत वीस वर्षांनंतर दिवसांच्या रूपात मोजावी लागते. फाइल हिस्टरी, म्हणजे अर्जदार आणि ऑफिस यांच्यातला पत्रव्यवहार, वाचताना मला हे फार जाणवतं. पेटंटाच्या शेवटच्या महिन्यांतला एकेक दिवस सर्वांत महागडा असतो, आणि तो सुरुवातीला सहज खर्च झालेला असतो.

हे सगळं पुन्हा मोजत बसायची गरज बहुतेक वेळा नसते. अमेरिकी पेटंट ऑफिसच्या पेटंट सेंटरवर अर्ज क्रमांक टाकला की पीटीएचा तक्ता दिसतो. तो आकडा पहिल्या पानाशी ताडून पाहा. फरक असेल तर फाइलमध्ये सर्टिफिकेट ऑफ करेक्शन शोधा. मंजुरीनंतर दोन महिन्यांत, आणि ती मुदत वाढवून घेता येते तेवढ्यात, पेटंटधारक फेरविचार मागू शकतो. तिथेही मनासारखं झालं नाही तर १८० दिवसांत कोर्टात जाऊ शकतो. त्यामुळे नव्या पेटंटाचा पीटीए निदान वर्षभर तरी पक्का समजू नये.

एक काल्पनिक कुटुंब घेऊन मोजू. प्रोव्हिजनल १० फेब्रुवारी २०१०ला. पीसीटी अर्ज ९ फेब्रुवारी २०११ला. अमेरिकेत राष्ट्रीय टप्पा ऑगस्ट २०१२मध्ये. पेटंट मंजूर ६ ऑक्टोबर २०१५ला. पीटीए ४१२ दिवस. घड्याळ पीसीटीपासून, म्हणून मूळ मुदत ९ फेब्रुवारी २०३१. त्यात ३६५ दिवस मिळवले की ९ फेब्रुवारी २०३२. उरले ४७. त्यातले २० गेले की २९ फेब्रुवारी, कारण २०३२ लीप वर्ष आहे, आणि उरलेले २७ मिळवून २७ मार्च २०३२. पॅरेंटची तारीख ही.

टर्मिनल डिस्क्लेमर

माझ्या अनुभवात लोक सर्वांत जास्त घसरतात ते इथे, म्हणून इथे जरा थांबते.

एकाच शोधाच्या थोड्या थोड्या फरकाच्या क्लेमवर एकाच मालकाला दोन पेटंटं मिळाली, तर दुसऱ्याने मक्तेदारी लांबू नये म्हणून एक्झामिनर डबल पेटंटिंगचा आक्षेप घेतो. तो आक्षेप घालवायला अर्जदार लिहून देतो की हे पेटंट त्या पहिल्या पेटंटाच्या पलीकडे मी चालवणार नाही, आणि दोन्हींची मालकी एकाच हातात असेल तोवरच ते बजावता येईल. हेच टर्मिनल डिस्क्लेमर. कायदा स्पष्ट सांगतो की ज्या तारखेपलीकडचा हक्क सोडला, तिच्यापलीकडे पीटीए नेता येत नाही.

वरच्याच कुटुंबात पॅरेंट मंजूर व्हायच्या आधी, २१ सप्टेंबर २०१५ला, एक कंटिन्युएशन दाखल झालं आणि १४ नोव्हेंबर २०१७ला मंजूर झालं असं धरू. त्यात पॅरेंटवर डिस्क्लेमर आहे. त्याचा स्वतःचा पीटीए ५०० दिवसांचा असता, तर त्याची स्वतःची तारीख २३ जून २०३२ आली असती. डिस्क्लेमरमुळे ती २७ मार्च २०३२वर कापली जाते. आता पीटीए फक्त ९५ दिवसांचा आहे असं धरा. मग त्याची स्वतःची तारीख १५ मे २०३१. डिस्क्लेमर असूनही ते २०३२पर्यंत जात नाही. डिस्क्लेमर फक्त कापतं, लांबवत कधीच नाही. दोन तारखांतली आधी येणारी धरायची. "डिस्क्लेमर आहे म्हणजे पॅरेंटसोबत संपतं" असं एका ओळीत लिहून टाकलेले तक्ते माझ्याकडे तपासायला येतात, आणि ती ओळ अर्ध्या वेळा खोटी असते.

पुढची पायरी: ज्याच्यावर डिस्क्लेमर आहे, त्या पेटंटाची तारीखही तशीच काढायची. त्याला स्वतःचा पीटीए असू शकतो, त्याच्यावर तिसऱ्याचं डिस्क्लेमर असू शकतं. साखळी शेवटपर्यंत चालायची. एकाच पेटंटात चार-पाच पेटंटांवर डिस्क्लेमर असणं औषधांच्या मोठ्या कुटुंबांत नेहमीचं आहे. तेव्हा सगळ्यांतली सर्वांत आधी येणारी तारीख घ्यायची.

आता त्यातला बारकावा. समजा पॅरेंटची मेंटेनन्स फी भरली नाही आणि ते ६ ऑक्टोबर २०२३ला बंद पडलं. कंटिन्युएशनही त्याच दिवशी संपलं का? नाही. डिस्क्लेमरच्या नेहमीच्या मसुद्यात बांधिलकी असते ती पॅरेंटच्या पूर्ण कायदेशीर मुदतीशी. फी न भरल्यामुळे, कोर्टाने रद्द केल्यामुळे किंवा तशा इतर कारणांनी पॅरेंट आधी संपलं तर त्याने कंटिन्युएशनची मुदत कमी होत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणून पॅरेंटसमोर "एक्सपायर्ड" दिसलं म्हणून खूश होऊ नका. आणि डिस्क्लेमरची मूळ प्रत फाइलमधून उघडून वाचा. कोणत्या पेटंटावर आहे, मंजूर झालं की नाही, मसुदा नेहमीचाच आहे की बदललेला, हे त्या दोन पानांतच असतं.

औषधासाठीचं एक्स्टेन्शन

१९८४च्या हॅच-वॅक्समन कायद्याने कलम १५६ आलं. औषध विकायला एफडीएची, म्हणजे अमेरिकी औषध नियामकाची, परवानगी लागते, ती मिळेपर्यंत पेटंटाची वर्षं वाया जातात, त्यातली काही परत द्यायची, हा त्यामागचा विचार. याला पेटंट टर्म एक्स्टेन्शन म्हणतात, पीटीई. नावं इतकी जवळची की पीटीए आणि पीटीई यांची अदलाबदल रोज होते. पीटीए पेटंट ऑफिसच्या उशिराबद्दल, पीटीई एफडीएच्या प्रक्रियेबद्दल.

हिशेब असा. मानवी चाचण्यांची परवानगी लागू झाल्यापासून एनडीए, म्हणजे नव्या औषधाच्या मंजुरीचा अर्ज, दाखल होईपर्यंतचा काळ अर्धा धरायचा. एनडीए दाखल झाल्यापासून मंजुरीपर्यंतचा काळ पूर्ण. पेटंट मंजूर व्हायच्या आधीचे दिवस आणि कंपनीने ढिलाई केली ते दिवस वजा. मग दोन मर्यादा: एक्स्टेन्शन पाच वर्षांपेक्षा जास्त नाही, आणि एक्स्टेन्शन धरून पेटंट औषधाच्या मंजुरीनंतर १४ वर्षांपलीकडे जाता कामा नये. एका उत्पादनाच्या मंजुरीमागे एकाच पेटंटाला हे मिळतं, आणि वाढीव काळात हक्क उरतो तो त्या मंजूर उत्पादनापुरता. पेटंटातल्या बाकीच्या संयुगांवर नाही.

प्रत्यक्षात कसं दिसतं? लिपिटॉर, म्हणजे अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, याचं पेटंट क्रमांक ४,६८१,८९३ घ्या. अर्ज ३० मे १९८६. मंजुरी २१ जुलै १९८७. १९९५च्या आधीचं, म्हणून दोन्ही तारखा काढायच्या: मंजुरीपासून १७ वर्षं म्हणजे २१ जुलै २००४, दाखल तारखेपासून २० वर्षं म्हणजे ३० मे २००६. लांबची ३० मे २००६. एक्स्टेन्शन १,२१३ दिवस. ३० मे २००९पर्यंत १,०९६ दिवस होतात, मध्ये २००८चं लीप वर्ष येतं म्हणून. उरलेले ११७ मिळवले की २४ सप्टेंबर २००९. औषध १७ डिसेंबर १९९६ला मंजूर झालं होतं, त्यापासून १४ वर्षं म्हणजे डिसेंबर २०१०. आपली तारीख तिच्या आत आहे, म्हणून कात्री लागली नाही. हे गणित मी नव्या माणसाला कागदावर करायला लावते, कारण एका उदाहरणात १७/२०ची तुलना, लीप वर्ष आणि १४ वर्षांची मर्यादा, सगळं येऊन जातं.

मर्यादा लागलेली पाहायची असेल तर अँजिओमॅक्सचं पेटंट ५,१९६,४०४ पाहा. मूळ तारीख २३ मार्च २०१०. औषधाची मंजुरी १५ डिसेंबर २०००. वाढीव तारीख १५ डिसेंबर २०१४, बरोब्बर १४ वर्षं. पण ही तारीख सहज पदरात पडली नाही. एक्स्टेन्शनचा अर्ज औषधाच्या मंजुरीपासून ६० दिवसांत करावा लागतो, आणि मंजुरीचा दिवसही त्यात धरला जातो. त्या कंपनीने अर्ज केला १४ फेब्रुवारी २००१ला. १५ डिसेंबर हा पहिला दिवस धरला तर साठावा दिवस १२ फेब्रुवारी. पेटंट ऑफिसने अर्ज नाकारला. पुढे मुद्दा निघाला की मंजुरीचं पत्र शुक्रवारी संध्याकाळी, कामाची वेळ संपल्यावर आलं होतं. मोजणी सोमवारपासून केली तर अर्ज वेळेत बसतो. कोर्टात वर्षं गेली, आणि शेवटी २०११च्या कायद्यात दुरुस्ती झाली: संध्याकाळी साडेचारनंतर आलेली मंजुरी पुढच्या कामाच्या दिवशी आली असं धरायचं. दोन दिवसांच्या मोजणीवर साडेचार वर्षांपेक्षा जास्त मक्तेदारी टांगलेली होती. तारखांबद्दल मी एवढी का अडून बसते, ते यावरून कळावं.

क्रमाबद्दल आता बोलते. डिस्क्लेमर असलेल्या पेटंटालाही पीटीई मिळतं, आणि ते डिस्क्लेमरने कापलेल्या तारखेपुढे चढतं; २००७च्या मर्क विरुद्ध हाय-टेक निकालाने ते पक्कं झालं. म्हणून आधी पीटीए, मग कात्री, मग पीटीई. उलट, पॅरेंटला पीटीई मिळालं म्हणून त्याच्यावर डिस्क्लेमर असलेल्या कंटिन्युएशनला ते लाभत नाही.

मुलांवरच्या अभ्यासाचे सहा महिने, म्हणजे पीडियाट्रिक एक्स्क्लुझिव्हिटी, हे पेटंट लांबवत नाहीत. पेटंट ठरल्या दिवशीच संपतं. एफडीए मात्र जेनेरिकला पुढचे सहा महिने अंतिम मंजुरी देत नाही. ऑरेंज बुकमध्ये, म्हणजे एफडीएच्या मंजूर औषधांच्या आणि त्यांच्या पेटंटांच्या यादीत, ही तारीख वेगळ्या ओळीत, पेटंट क्रमांकापुढे "पीईडी" लावून येते. लिपिटॉरच्या त्याच पेटंटाची ती ओळ २४ मार्च २०१० होती. तुमचा प्रश्न पेटंटाचा असेल तर पहिली ओळ, बाजारात उतरण्याचा असेल तर दुसरी. आणि लिपिटॉरच्या बाबतीत तर यातली कुठलीच तारीख जेनेरिकचा दिवस ठरली नाही. मागे दुसरं पेटंट होतं, तडजोड झाली होती, आणि जेनेरिक आलं ३० नोव्हेंबर २०११ला. एका औषधामागची सगळी पेटंटं काढल्याशिवाय बाजाराची तारीख सांगू नये ती यासाठी.

मेंटेनन्स फी

युटिलिटी पेटंट (डिझाइनचं नव्हे, नेहमीचं शोधाचं) टिकवायला मंजुरीपासून साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी फी भरावी लागते. प्रत्येकीच्या आधी सहा महिने खिडकी उघडते, नंतर सहा महिने दंडासह सवलत. तीही चुकली तर पेटंट मंजुरीपासून चौथ्या, आठव्या किंवा बाराव्या वर्षाच्या अखेरीस बंद. मोजणी मंजुरीच्या तारखेपासून आहे, अर्जाच्या नाही. आणि "बंद" हा शब्द कायमचा नाही: उशीर हेतुपुरस्सर नव्हता असं सांगून पेटंट जिवंत करता येतं. मधल्या काळात कुणी उत्पादन सुरू केलं असेल तर त्याला काही संरक्षण मिळतं, पण त्या भरवशावर कारखाना उभारा असं मी कुणाला सांगणार नाही.

धोक्याची तारीख

२०२३पासून माझ्या तक्त्यात आणखी एक रकाना आला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इन री सेलेक्ट या निकालात फेडरल सर्किटने सांगितलं की डबल पेटंटिंग तपासताना पीटीए धरून येणारी तारीख पाहायची. म्हणजे एकाच कुटुंबात, डिस्क्लेमर न देता, केवळ पीटीएमुळे एक पेटंट दुसऱ्यापेक्षा उशिरा संपत असेल आणि क्लेममध्ये तसा फरक नसेल, तर उशिरा संपणारं पेटंट रद्द होऊ शकतं. पेटंटाची मुदत संपल्यावर डिस्क्लेमर देऊन ते वाचवताही येत नाही. लगेच पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२४मध्ये, अ‍ॅलर्गन विरुद्ध एमएसएनमध्ये त्याच कोर्टाने मर्यादा घातली: कुटुंबातलं जे पेटंट सर्वांत आधी दाखल झालं आणि सर्वांत आधी मंजूर झालं, त्याला नंतर आलेल्या आणि आधी संपणाऱ्या भावंडाचा दाखला देऊन रद्द करता येत नाही. पीटीईमुळे आलेल्या फरकावर हा आक्षेप चालत नाही, हे २०१८च्या नोव्हार्टिस विरुद्ध एझ्रामध्ये आधीच ठरलं होतं.

म्हणून मी दोन तारखा लिहिते. एक कायद्याने येणारी. दुसरी, पीटीए गेला तर उरणारी, आणि तिच्यासमोर कोणत्या भावंडामुळे ते लिहिते. दुसरी तारीख म्हणजे दाव्याची शक्यता. तिच्यावर निर्णय वकिलाने घ्यायचा.

इतर देश

ही रीत जशीच्या तशी दुसरीकडे नेऊ नका. भारतात पेटंट दाखल तारखेपासून वीस वर्षं, पीसीटी असेल तर आंतरराष्ट्रीय तारखेपासून. पीटीए नाही, पीटीई नाही. डिव्हिजनलची मुदत मूळ अर्जापासून, आणि पेटंट ऑफ अ‍ॅडिशन (मुख्य शोधातल्या सुधारणेचं जोडपेटंट) मुख्य पेटंटासोबत संपतं. नूतनीकरणाची फी तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी. युरोपात वीस वर्षांनंतर औषधासाठी जे मिळतं, ते सप्लिमेंटरी प्रोटेक्शन सर्टिफिकेट नावाचा वेगळाच हक्क असतो, जास्तीत जास्त पाच वर्षांचा, आणि देशागणिक घ्यावा लागतो. त्यामुळे एकाच रेणूचं पेटंट भारतात संपलेलं आणि अमेरिकेत चालू, ही अगदी रोजची गोष्ट आहे.

तक्ता कसा ठेवायचा

प्रत्येक पेटंटाला एक ओळ. अर्जाची तारीख, घड्याळ सुरू करणारा अर्ज, मूळ मुदत, पीटीए, डिस्क्लेमर कुणावर आणि त्याची तारीख, कात्रीनंतरची तारीख, पीटीई, अंतिम तारीख, फीची स्थिती. आणि शेवटचा रकाना "कशावरून": प्रत्येक आकड्यासमोर फाइलमधला कोणता कागद, कोणत्या तारखेचा. गुगल पेटंट्सवर "अ‍ॅडजस्टेड एक्स्पायरेशन" म्हणून जी तारीख दिसते ती प्राथमिक अंदाजाला ठीक आहे. ती कायदेशीर निष्कर्ष नाही असं त्यांनी स्वतःच तिथे लिहिलेलं आहे, आणि डिस्क्लेमर किंवा पीटीई तिच्यात धरलेलं असेलच असं नाही. माझ्या रकान्यात ती चालत नाही. ऑरेंज बुकमधली तारीख कंपनीने कळवलेली असते, एफडीए ती तपासत नाही; तीही ताडून पाहायची, उतरवायची नाही.

ओळ पूर्ण झाली की दुसऱ्या माणसाने ती पहिला आकडा न बघता पुन्हा काढायची. दोघांची तारीख जुळली तरच पुढे. आणि तक्त्याच्या माथ्यावर तो कोणत्या दिवशी काढला ते लिहायचं, कारण फीची खिडकी उघडली, सर्टिफिकेट ऑफ करेक्शन निघालं, कुटुंबात नवं कंटिन्युएशन मंजूर झालं किंवा मालकी वेगळ्या हातांत गेली, की त्या ओळी पुन्हा उघडाव्या लागतात.